बाजूच्या सीटचे वजन

मी, ज्योत्स्ना श्रीपती साबळे, वय चौसष्ट, निवृत्त प्राध्यापिका, मूळ गाव सणसर, तालुका इंदापूर, हल्ली राहणार बारामती, जिल्हा पुणे, स्वखुशीने आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, घरच्या जेवणाच्या टेबलापाशी दिवसाउजेडी बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. डोळ्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. काचबिंदूने दोन्ही बाजूंचे दिसणे नेले; समोरचे तेवढे दिसते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लिहायला समोरचे दिसले तरी पुरते. गाडी चालवायला पुरत नाही, आणि म्हणूनच हे आत्ता लिहायला घेतले.

बाईने रागात लिहिले असे पुढे कोणी म्हणेल. राग आहेच. पण तो बावीस वर्षांचा आहे, आजचा नाही. त्यामुळे हे मृत्युपत्र रद्द ठरवायला त्याचा उपयोग होणार नाही.

१. माझ्यामागे या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट रेश्मा निंबाळकर यांनी करावी. रेश्मा माझी विद्यार्थिनी. मसुदा वाचून म्हणाली, "मॅडम, मृत्युपत्रात एवढं सगळं लिहीत नाहीत." मी म्हटले, "मग एवढं सगळं कुठं लिहितात, ते सांग." तिने पेन परत दिले.

२. बारामतीतला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट मी स्वतःच्या पगारातून घेतला आहे. त्यावर अन्य कोणाचा हक्क नाही. तो माझ्या भावाची मुलगी स्वरूपा सुमित साबळे, वय सव्वीस, हिला द्यावा. बँकेतल्या ठेवी पुण्याच्या माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या वसतिगृहाला द्याव्यात. व्याजातून दरवर्षी दोन मुलींनी मोटार चालवायला शिकावे. शिवणकामाच्या वर्गाला एक पैसाही वळवू नये.

३. किरकोळ गोष्टी. इंग्रजी पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला. स्कूटर घरकाम करणाऱ्या सारजाला; ती चालवायला शिकली आहे, लायसन्स काढायला तिच्या नवऱ्याची परवानगी लागत नाही हे रेश्माने त्याला एकदा कागदावर लिहून द्यावे. हत्यारांची लाल पेटी, जॅक, दोन स्टँड आणि टॉर्क पाना हे पणदऱ्याच्या दत्तोबा कोकरे यांना. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी मला लेखी नोटीस दिली होती की, माझ्या गाडीचा आवाज 'वयाला व स्त्रीत्वाला शोभणारा नाही'. त्यांना माझ्या गाडीचा काढून ठेवलेला गंजका सायलेन्सर द्यावा. तो अजिबात आवाज करत नाही.

४. गाडी. मारुती झेन, सन २००० ची, रंग मूळचा चंदेरी, नोंदणीचे नूतनीकरण झालेली, हरित कर भरलेला. ती स्वरूपाला द्यावी, मात्र कलम ८ मधल्या अटीवर.

ही गाडी कशासाठी आहे ते ठाऊक नसलेल्यांसाठी लिहिते. शेळगावच्या माळावर ट्रेलर बनवणाऱ्या एका बंद कारखान्याच्या आवारात डांबरी पट्टी आहे. ट्रेलर तपासायला बांधलेली, एक किलोमीटर चारशे मीटरची, सात वळणांची. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी काही हौशी लोक ती भाड्याने घेतात. शर्यत नसते, बक्षीस नसते, कोणी टाळ्या वाजवत नाही. आपापली गाडी आणायची, हेल्मेट घालायचे, आणि रस्त्यावर जे करू नये ते तिथे करायचे. समोरून कोणी येत नाही. मुख्य म्हणजे मध्येच कोणी थांबवत नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते, नुकतीच निवृत्त झालेली. नावनोंदणीच्या टेबलावरचा तरुण उठून उभा राहिला. "काकू, मुलाला सोडायला आलात का? मागं सावलीत बसा ना." मी म्हटले, "मुलगा नाही मला. हेल्मेट कुठल्या मापाचं लागतं ते सांगा."

गाडी निवडायला पाच महिने गेले. निवृत्तीच्या पैशांतले अडीच लाख यासाठी बाजूला ठेवले होते, त्यापलीकडे जायचे नाही असे ठरवले होते. ट्रॅकवरच्या मुलांनी होंडा सिटी सुचवली, इंजिन फार छान म्हणून. सुमितने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, आपली जुनी डिझेलची दोन टनांची गाडी पुढे केली. "ताई, अडीच लाखात कोन गाडी घेतं का? माझी घे. रणगाडा हाय निस्ता." रणगाड्याने वळण घेता येत नाही हे त्याला सांगून उपयोग नव्हता. माझा जीव मात्र जडला होता एका लाल गाडीवर. इटालियन बांधणी, सोळाशे सीसीचे इंजिन, दार लावले की शाळेतल्या पियानोचे झाकण मिटल्यासारखा आवाज. तिच्यात बसून मी दहा मिनिटे नुसते स्टिअरिंग धरले होते.

दत्तोबा सोबत होते. भिगवण रस्त्यावर त्यांचे गॅरेज आहे. खाली वाकून, वर उठून, हात पुसून म्हणाले, "गाडी झ्याक हाय, बाई. पर हिचा एक पार्ट तुटला तर तुमी दिवाळीपतूर माझ्याकडं बसून चहा पिनार, आन पार्ट न्हाय येनार."

"पण पळते छान."

"पळायला काय, कुठलीबी पळती. वळती का, आन थांबती का, ते बघा. थांबायला येत न्हाय त्यानं पळू न्हाय."

झेन सापडली इंदापुरात, एका शाळामास्तरांच्या दारात. दत्तोबांच्या खिशात फ्रिजला चिकटवायचे लोहचुंबक असते. ते त्यांनी दारांवरून, खालच्या पट्टीवरून, चाकांच्या वरच्या कमानीवरून फिरवले. जिथे पत्रा असतो तिथे ते चिकटते. अपघात झाकायला लांबीचा लगदा भरलेला असेल तिथे घसरून पडते. एकदाही पडले नाही. पंच्याऐंशी हजारांना सौदा झाला. उरलेल्या पैशांत चार चांगले टायर, ब्रेकचे पॅड, उष्णतेने उकळणार नाही असे ब्रेक ऑइल, सस्पेन्शनचे रबरी बुश, घट्ट बसणारी चालकाची सीट, खांद्यावरून येणारे पट्टे आणि हेल्मेट घेतले. इंजिनाला हात लावला नाही. मग दत्तोबांनी आणि मी मिळून गाडी हलकी केली. मागची सीट गेली, गालिचा गेला, जादा चाक गेले, कप्प्याचे झाकणसुद्धा गेले.

बाजूची सीट राहिली.

"हिला काय पूजा घालायचीय का?" दत्तोबांनी विचारले. "चौदा किलो हाय. चार नट काढले की मोकळं."

"राहू द्या."

"कोन बसनार हाय हितं?"

"राहू द्या म्हटलं ना."

सहा वर्षे दर महिन्याला त्यांनी हा प्रश्न विचारला आहे. उत्तर कलम ९ मध्ये आहे.

५. हे कलम मालमत्तेचे नाही. रेश्माने ते गाळायला सांगितले होते.

माझे वडील, श्रीपती साबळे, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. त्यांनी मला पाचवीपासून पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवले. पगाराचा तिसरा हिस्सा त्यात जायचा आणि अख्खे सणसर त्यांना वेड्यात काढायचे. वसतिगृहातल्या सिस्टर आग्नेस रोज सकाळी भाजी आणि दूध आणायला शाळेची मॅटाडोर स्वतः चालवत नेत. पांढरा झगा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, डोळ्यांवर जाड चष्मा, तोंडाने स्तोत्र. गिअर बदलताना स्तोत्राची लय चुकायची नाही. रडणाऱ्या मुलीला त्या शेजारी बसवून नेत, आणि मी पहिल्या वर्षी फार रडायचे. अकरावीत त्यांनी मला हॉकीच्या मैदानावर चालवायला शिकवले. "क्लच हळू सोड, जोस्ना. तो निजलेल्या बाळाचा हात आहे." माझे नाव त्यांना कधी नीट म्हणता आले नाही. बाळ त्यांना नव्हते, मलाही झाले नाही, पण क्लच आम्हा दोघींनाही छान सोडता यायचा.

सुट्टीत घरी आले की अण्णा मला त्यांची जीप द्यायचे. खात्याच्या लिलावात घेतलेली, ताडपत्रीच्या टपाची. बारामतीहून कालव्याच्या भरावावरच्या कच्च्या रस्त्याने मी चालवत यायचे. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस. अण्णा शेजारी बसून पाण्याकडे बघत विडी ओढायचे. सणसरला आमच्या घराकडे वळताना कालव्यावरचा छोटा पूल लागतो. त्या पुलाच्या अलीकडे जीप थांबवायची. मी उतरायचे, अण्णा उतरायचे, आम्ही जागा बदलायचो. गावात जीप अण्णा नेणार.

पहिल्यांदा मी विचारले, "का?"

अण्णा हसले. "आपल्या दारात जीप आली, येवढंच अजून काहींच्या घशाखाली उतरंना. त्यात पोरगी चालवती म्हणलं तर ठसका लागायचा. पुढच्या वर्षी बघू."

त्यांचे म्हणणे मला कळले. आमच्या लोकांनी गावात नुसते ताठ मानेने चालायचे झाले तरी काय काय ऐकावे लागले होते, हे मी घरात ऐकतच वाढले होते. पण पुढचे वर्ष पुढेच जात राहिले. जीप गेली, मी नोकरीला लागले, स्वतःच्या पैशांनी मारुती आठशे घेतली. तरी सणसरला जाताना अण्णा शेजारी असले की पूल आला, माझा पाय आपोआप ब्रेकवर. मी उतरायचे. सांगावेही लागायचे नाही.

सुमित माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. त्याला सायकल मी शिकवली. मागचे कॅरिअर धरून मी धावायचे आणि तो ओरडायचा, "ताई, सोडू नगं, सोडू नगं!" मी केव्हाच सोडलेले असायचे. हेही इथे नोंदवून ठेवते, कारण खाली जे लिहिणार आहे त्यानंतर ते कोणाच्या लक्षात राहणार नाही.

६. दिनांक ११ जानेवारी २००३, सकाळी साडेनऊ. मी शनिवार-रविवारसाठी सणसरला आले होते. अण्णा अंगणात ऊन खात बसले होते. छातीला हात लावून म्हणाले, "जरा आवळल्यासारखं होतंय." त्यांना आठशेमध्ये मागे झोपवले. आईने, लक्ष्मीबाईने, डोके मांडीवर घेतले. मी चालकाच्या जागी बसले आणि इंजिन चालू केले. शेजारीपाजारी जमले होते.

सुमित माझ्या दाराशी आला. गाडी चालवायला शिकून त्याला दोन महिने झाले होते.

"ताई, उतर. मी नेतो."

"बस पलीकडं, सुमित. वेळ नाही."

"माणसं बघत्यात, ताई. मी हितं उभा आन तू नेनार व्हय? उतर की."

मागून अण्णांचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "तिलाच चालवू दे."

सुमित म्हणतो, त्याला ऐकू आले नाही. खरेही असेल. पण मला आले. आईला आले. आणि ते ऐकूनही मी उतरले. किल्ली गाडीलाच होती, इंजिन चालू होते, माझा हात स्टिअरिंगवर होता, आणि मी दार उघडून उतरले, पुढून वळसा घालून बाजूच्या सीटवर जाऊन बसले. पंचवीस वर्षे पुलावर जे करत आले, ते अंगणात केले. माणसे बघत होती.

कारखान्याचा हंगाम होता. पुलाच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या संथ चालल्या होत्या. मी म्हटले, "थांब, पुढं रुंद आहे, तिथं काढ." त्याने तिथेच काढायचा प्रयत्न केला. उजवी चाके भरावाच्या मऊ मातीत गेली आणि गाडी कलंडून पोटावर बसली. ट्रॅक्टर सोडवून, दोर आणून, बाहेर ओढेपर्यंत पस्तीस मिनिटे गेली. मी घड्याळ बघत होते. बारामतीला दवाखान्यात डॉक्टरांनी अण्णांच्या डोळ्यांवर बॅटरी धरली आणि विचारले, "इतका उशीर का?"

सुमित म्हणाला, "ट्रॉल्या आडव्या आल्या."

अण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही तो तेच म्हणाला, माइकवर, रडत. पाहुण्यांना, सोयऱ्यांना, पुढे स्वरूपालाही तेच सांगितले. बावीस वर्षे ट्रॉल्या आडव्या येत आहेत. मी एकदाही खोडले नाही. आठशे मी त्याच महिन्यात विकली आणि सोळा वर्षे मोटारीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही.

आई आणखी आठ वर्षे जगली. सुमितला तिने कधी बोल लावला नाही. शेवटच्या आजारपणात मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिने मलाच विचारले, "बाई, तू कशाला उतरलीस गं?" मी तिची वेणी घातली आणि फणी ठेवून दिली.

७. स्वरूपासाठी. ही झेन एक दिवस संपेल. पत्रा कुजेल किंवा तुझा जीव दुसरीवर जडेल. तेव्हा तुला कोणी शहाणपणा शिकवायला येईल, म्हणून मीच लिहून ठेवते. जेवढे पैसे असतील त्यांतले निम्म्याहून कमी गाडीवर घाल. हलकी घे, जुनी घे, जिचे सुटे भाग इंदापूरच्या बाजारात मिळतील अशी घे. घोड्यांची ताकद विचारणाऱ्यांशी वाद घालू नकोस. त्यांना सरळ रस्त्यावर पुढे जाऊ दे, वळणावर ते भेटतातच. आधी ब्रेक, मग टायर, मग तुझी बसायची जागा, आणि इंजिन सर्वांत शेवटी, तेही हौस उरली तर. मोडली तर रडू येणार नाही एवढ्याच किमतीची गाडी ट्रॅकवर न्यायची असते. ज्या गाडीला ओरखडा पडेल म्हणून छाती धडधडते, ती चालवता येत नाही. तिला फक्त सांभाळता येते.

तुझा हात चांगला आहे. पाचव्या वळणावर तू अजून लवकर ब्रेक सोडतेस. एवढेच.

आता याच वर्षी फेब्रुवारीत घडले ते. सुमितला वाचायचे नसेल तरी रेश्माने मोठ्याने वाचावे. शेळगावहून परत येताना स्वरूपा चालवत होती, मी बाजूच्या सीटवर होते. सकाळी तिने एका फेरीत मला एकदाही डॅशबोर्ड धरायला लावला नव्हता, आणि आम्ही दोघी वाटभर हसत होतो. सणसरला वळलो. पुलाच्या अलीकडे सुमित मोटारसायकल लावून उभा होता. हात केला.

"स्वरूपा, उतर. गावात मी नेतो. लोकं नावं ठेवत्यात."

"पप्पा, दोन मिनिटांचा तर रस्ता राहिलाय."

"मग दोन मिनिटांसाठी कशाला हट्ट? आत्याचं ठीक हाय, तिला कोन बघायला येनार न्हाय आता. तुला स्थळं यायची हायेत."

स्वरूपाने खांद्याचे पट्टे सोडले. किल्ली काढली आणि खिडकीतून दिली. तळहातावर ठेवून, दोन बोटांनी पुढे सरकवून. ती पद्धत माझी आहे; याच पुलावर मी अण्णांना किल्ली अशीच द्यायचे. मी तिच्याकडे बघत होते, आणि मी काहीही बोलले नाही. दुसऱ्यांदा. सुमित चालकाच्या सीटवर मावेना म्हणून ती सीट मागे ओढायला लागला, ती जागची हलत नाही हे त्याला माहीत नव्हते. शेवटी तो तसाच, गुडघे पोटाशी घेऊन, गाडी आचके देत गावात घेऊन गेला. स्वरूपा मागून मोटारसायकल घेऊन आली. लोकांनी बघितलेच.

घरी चहा झाला. जाताना स्वरूपाने मला हळूच विचारले, "आत्या, चिडलीस का माझ्यावर?" मी नाही म्हटले. ते खोटे होते. मी चिडले होते, तिच्यावर आणि माझ्यावर सारखीच.

८. सणसर येथील तीन एकर जमीन अण्णांची स्वकष्टार्जित. सातबाऱ्यावर आज सुमितचे आणि माझे नाव आहे. माझ्या वाट्याला दीड एकर येते. सुमित दर दिवाळीच्या सुट्टीत हक्कसोडपत्राचा कागद आणतो, वर एक साडी ठेवून. "ताई, नुस्ती सही. माहेरचं दार तुला कायम उघडं हाय." आजूबाजूच्या सगळ्या बहिणींनी साडी घेऊन सह्या केल्या आहेत. मी साड्या घेतल्या, सही केली नाही. अकरा साड्या कपाटात घडी न मोडता ठेवल्या आहेत. त्या त्याच्या बायकोला परत द्याव्यात, तिचा यात दोष नाही.

माझी दीड एकर मी सुमितला देते, पुढील अटीवर.

माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या किंवा दुसऱ्या ट्रॅकच्या रविवारी, स्वरूपाने झेन सणसरच्या घराच्या अंगणात आणावी. सुमितने बाजूच्या सीटवर बसावे आणि पट्टा लावावा. माझे हेल्मेट त्याच्या डोक्यात बसणार नाही. मोठ्या मापाचे घ्यावे, खर्च माझ्या खात्यातून. स्वरूपाने त्याच अंगणातून गाडी काढावी, गावातून, चावडीवरून, लोक उभे असतील तर त्यांच्या समोरून न्यावी. कालव्याच्या पुलावर थांबू नये. अलीकडेही नाही, पलीकडेही नाही. तिथून शेळगावला जावे आणि ट्रॅकवर तीन फेऱ्या माराव्यात, तिच्या नेहमीच्या वेगाने. बाप शेजारी आहे म्हणून हळू नाही.

सुमितने भ्यायला हरकत नाही. त्याने "हळू" म्हटले तरी चालेल. किल्लीला, स्टिअरिंगला किंवा हँडब्रेकला हात लावला तर अट मोडली असे समजावे. मागून दुसऱ्या गाडीने रेश्माने जावे आणि पाहावे.

त्याने माफी मागावी अशी अट मी घातलेली नाही. माफी मागायची असेल तर मला आईची मागायची होती, ती राहून गेली. त्याने अण्णांबद्दल काही बोलावे अशीही अट नाही. बावीस वर्षे तोच बोलला. तीन फेऱ्या त्याने फक्त बसायचे आहे, जिथे मी त्या दिवशी बसले होते तिथे, आणि गाडी चालवता येणारी बाई चालवत असली म्हणजे माणूस पोचतो का ते पाहायचे आहे.

तो बसला नाही, तर दीड एकर स्वरूपाची.

आणि स्वरूपाने पुलावर गाडी थांबवून किल्ली दिली, तर जमीनही नाही आणि गाडीही नाही. जमीन वसतिगृहाला जाईल आणि झेन दत्तोबांनी भंगारात काढावी. वाचून तिला रडू येईल हे मला माहीत आहे. सिस्टर आग्नेस माझ्याशी फार गोड बोलल्या, अण्णा फार गोड बोलले, पुढच्या वर्षी म्हणाले. त्या सकाळी अंगणात एक तरी माणूस माझ्यावर खेकसायला हवा होता, की खबरदार उतरलीस तर. म्हणून मी खेकसते आहे. राणी, उतरू नकोस.

९. बाजूची सीट. दत्तोबा, सहा वर्षे तुम्ही विचारत होता, कोण बसणार आहे इथे. माझा भाऊ बसणार आहे. गाडी घेतली त्या दिवसापासून ती जागा त्याची होती. त्याला हाताला धरून बसवायचे धाडस मी जिवंतपणी केले नाही, म्हणून कायद्याकडून करून घेते आहे. दर फेरीला ती रिकामी सीट माझ्या डाव्या कोपराशी असायची आणि दर वळणाला गाडी थोडी जड जायची. चौदा किलो म्हणजे काही फार नाही, पण कळते.

तीन फेऱ्या झाल्या की सुमितला उतरवून पाणी द्यावे. सावलीत खुर्ची द्यावी. त्याला लहानपणापासून गाडी लागते. मग दत्तोबांनी ते चार नट काढावेत आणि सीट बाहेर ठेवावी. चौथी फेरी स्वरूपाने एकटीने मारावी.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, रेश्माकडून पुन्हा वाचून घेतला, आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. दत्तोबा साक्षीला राहतो म्हणाले होते, पण त्यांना हत्यारांची पेटी मिळणार असल्याने रेश्माने त्यांना बाहेर बाकावर बसवले.

ठिकाण: बारामती
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५

(सही)
ज्योत्स्ना श्रीपती साबळे

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली. त्यांच्या डोळ्यांदेखत आम्हीही केली.

साक्षीदार १: (सही) डॉ. राजलक्ष्मी काटे, नेत्रतज्ज्ञ, बारामती
साक्षीदार २: (सही) मोहनराव जाचक, निवृत्त ग्रंथपाल, मु. पो. सणसर, ता. इंदापूर